एकतीस मार्चच्या आधी

महालेखाकार कचेरीत पस्तीस वर्षं
दुसऱ्यांचा खर्च तपासला.
अजून मार्च लागला की हात शिवशिवतात.
मग गच्ची गाठतो :
पाइपपाना, पॉलिश पेपर, टेफलॉनची टेप
आणि सवय सुटत नाही म्हणून एक वही.

टाकीच्या तळाशी चार बोटं गाळ.
तिघऱ्याच्या धरणातून निघून
थेट दौलतगंजापर्यंत बिनतिकीट आलेला.
खराट्यानं ढवळला, डब्यानं उपसला,
उरलासुरला जुन्या बनियननं टिपला.
उघड्या नळीला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलं,
कारण मे महिन्यात ग्वाल्हेरला
दुपारी नळ सोडला तर त्यात चहाच टाकावा.

मग कूलर.
गेल्या वर्षीचा वाळा मुठीत धरताच भुगा झाला,
तरी वास होताच त्यात, थोडासा, चुकार.
पाणी शिंपडणाऱ्या नळीला तेवीस भोकं,
सगळी क्षारांनी लिंपलेली.
गोधडीच्या सुईनं एकेक मोकळं केलं.
अठरावं काही उघडेना.
वहीत लिहिलं : अठरा, प्रलंबित.
पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.
(लागला असता तर हे कागद
दुसऱ्या कुणाला आवरावे लागले असते.)

मोरीतला नळ दहा सेकंदाला एक थेंब गाळतो.
खाली पातेलं ठेवून मोजलं :
दिवसाला पाऊण लिटर, वर्षाला पावणेतीनशे,
म्हणजे कूलरचे अकरा दिवस.
हा आकडा मी जेवताना दोनदा सांगितला.
सुनेनं दोन्ही वेळा आमटी वाढली.

अकील वायसर घेऊन आला.
नळ दोन मिनिटांत गप्प केला,
पानं पिशवीत टाकला आणि जाता जाता म्हणाला,
"बाबूजी, नल तो कुछ नहीं.
आपकी मोटर सिस्टर की दीवार में धड़कती है."

खालच्या खोलीत लिस्सी सिस्टर राहते.
रात्री इस्पितळात, दिवसा झोप.
भाडं दोन तारखेला, मोजून, पाकिटात.
आणि मी रोज अकरा वाजता,
पेपर वाचून झाला की,
टाकी भरायला मोटर लावतो. चाळीस मिनिटं.
तिच्या उशाशी.

विचारलं तर हसली.
"सवय झाली, अंकल."
तिचं मराठी आमच्याच जिन्यात शिकलेलं.

वही उघडली.
चाळीस मिनिटं, चार वर्षं :
नऊशे त्र्याहत्तर तास.
पस्तीस वर्षांत कुणाच्याही खात्यात
मी एवढी मोठी चूक शोधली नव्हती.
आणि खर्ची टाकायला रकाना नाही.
झोप परत करायची तर कुठल्या चलनानं?

स्कूटरची जुनी ट्यूब कापली.
मोटरच्या चारही पायांखाली चार चार पदर.
भिंतीतून जाणारा लोखंडी तुकडा काढून
मध्ये वीतभर रबरी नळी बसवली,
अकीलनं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.
वेळ बदलली : संध्याकाळी साडेसहा.

साडेसहाला बटण दाबून खाली गेलो,
विचारून तिच्या भिंतीवर तळहात टेकवला.
झोपलेल्या मांजराच्या पोटाइतकं
काहीतरी आत हलत होतं.
ती डबा पिशवीत घालत होती.
"एवढं चालेल," म्हणाली,
आणि ड्युटीला गेली.

गच्चीवर आलो तेव्हा अंधार पडला होता.
समोर किल्ला.
दिवसभर घेतलेलं ऊन
तो रात्री हप्त्याहप्त्यानं फेडतो,
मे महिन्यात तर पहाटेपर्यंत.
त्याच्याइतकी सवड मला नाही.

कूलर सुरू केला.
बावीस भोकांतून पाणी उतरलं,
नव्या वाळ्याचा वास खोलीत शिरला,
नातू पंख्यासमोर तोंड धरून आ आ आ करत बसला.

वहीत तारीख घातली, तीस मार्च.
सगळे आक्षेप निकाली.
भोक क्रमांक अठरा
आणि नऊशे त्र्याहत्तर तास :
पुढच्या वर्षात ओढले.